आसरा आणि साक्ष

आग्रा जिल्ह्यातील खेडा राठौरच्या मानसिंगाच्या टोळीत त्याचे भाऊ होते, मुलगे होते. १९५५ मध्ये तो मारला गेला. फाशीची शिक्षा झालेला त्याचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून विनोबांना पत्र लिहिले, आणि मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीसेक बागींनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. आप्तांचा घात न करता कायद्याकडे येण्याची ती वाट होती.

अशी वाट क्वचितच मिळते. शिक्षेपासून वाचवण्याच्या हेतूने गुन्हेगाराला वा दरोडेखोराला आसरा देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ व २५४ नुसार गुन्हा आहे. आसऱ्यात अन्नपाणीही येते. सूट आहे ती केवळ पती वा पत्नीला. मध्यरात्री दाराशी आलेल्या मुलाला लपवून जेवू घालणारी आई मात्र आरोपी ठरू शकते. तिने खबर दिलीच, तरी पुढचे आयुष्य त्याच गावात, त्याच भाऊबंदांत काढायचे असते.

सूट आईलाही असावी काय, याविषयी मतभेद संभवतात. पुढच्या मुद्द्याविषयी ते नसावेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने साक्षीदार संरक्षण योजना आखण्याचे बंधन प्रत्येक राज्यावर घातले आहे. त्या योजनेची कसोटी राजधानीत नव्हे, अशा खेड्यात लागेल. आप्तांविरुद्ध साक्ष देणाऱ्याला जे शासन वाऱ्यावर सोडते, त्याला कायद्यावरील निष्ठा मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.