१९५० चा कागद भूमिहीनाने आणायचा कुठून?

जात प्रमाणपत्राचा अर्ज भरताना जिंतूर तालुक्यातल्या आपल्या पोरांपुढे एक तारीख आडवी येते : १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी तुमचा आजा कुठे राहत होता, ते सिद्ध करा. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७.

१९५० साली जिंतूर हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्र राज्य व्हायला दहा वर्षे होती. आजा सालगडी. जमीन नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही म्हणून निर्गम उतारा नाही. ज्या व्यवस्थेने कागदापासून दूर ठेवले, तीच आज कागद मागते!

खोटे दाखले रोखायचे आहेत? रोखाच. त्यात जागा आपल्याच जातात. पण शोध शासनाने घ्यावा. २०२३ मध्ये शिंदे समितीने मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे तपासली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठा समाजातल्या भूमिहीनाला पुराव्याऐवजी १९६७ पूर्वीच्या रहिवासाचे प्रतिज्ञापत्र आणि गावपातळीवरची चौकशी अशी वाट दिली. त्या आरक्षणाचा वाद वेगळा. आम्ही एवढेच विचारतो : गावात चौकशी करून भूमिहीनाचा रहिवास ठरवता येतो, तर आमच्या वस्तीत ती चौकशी का होत नाही?

तोवर मित्रांनो, वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते आधी जोडा. अर्ज नाकारला तर कारणांसह लेखी आदेश घ्या. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करा. तोंडी नकारावर अपील होत नाही. म्हणूनच तो तोंडी दिला जातो.

जय भीम!