टोचणारी कोंबडी : दोष पक्ष्याचा की खुराड्याचा ?

परसातील कोंबड्यांपैकी एखादी इतरांस टोचू लागली, दाण्यावरून हुसकू लागली, किंवा अंगावर धावून येऊ लागली, म्हणजे आपल्याकडे तिचा न्याय फार झटपट होतो. 'माजली आहे, येत्या बाजारी काढून टाका,' एवढे एक वाक्य घरधन्याच्या तोंडून निघाले की खटला संपला. साक्री तालुक्यात पांझरा व कान या नद्यांच्या काठच्या बागाइती गावांत काय किंवा पिंपळनेरच्या वरच्या डोंगरपट्टीत काय, हाच प्रकार आमच्या पाहण्यात येतो. बैल मारका निघाला तर त्याचा मालक निदान वेसण, जू व गोठा यांचा विचार करतो. कोंबडीच्या वाट्यास तेवढाही विचार येत नाही. आमचे मत असे आहे की, अशा दहा कोंबड्यांपैकी बहुतेकींच्या बाबतीत शिक्षा चुकीच्या आरोपीस होते, आणि तिचा भुर्दंड अखेर शेतकऱ्याच्या घरासच बसतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, 'टोचणे' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी मोडतात. पहिली, कळपातील मानपानाची भांडणे. दुसरी, खुडूक अथवा पिल्लेवाल्या कोंबडीचा राग. आणि तिसरी, एकमेकींची पिसे उपटण्याची व रक्त काढण्याची खोड. या तिन्हींची कारणे वेगळी व उपायही वेगळे आहेत. तिन्हींस एकच औषध, म्हणजे सुरी, लावणे हे शहाणपणाचे नव्हे.

मानपानाचे भांडण हा कोंबड्यांचा जातिस्वभावच आहे. नॉर्वे देशातील थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून 1922 साली असे दाखवून दिले की, प्रत्येक कळपात पहिलीपासून शेवटचीपर्यंत एक पायरी ठरलेली असते. वरची खालचीस टोचते, खालची उलट टोचत नाही. ही पायरी एकदा ठरली म्हणजे कळप शांत होतो, कारण प्रत्येक दाण्यासाठी नव्याने लढावे लागत नाही. म्हणजे जी कोंबडी आपणांस भांडखोर दिसते, ती पुष्कळदा घरातील शिस्त राखणारी वडील जाऊच असते. तिला काढून टाकली तर खालच्या सर्वांत वरच्या जागेसाठी पुन्हा झुंज लागते, आणि मालक म्हणतो, 'एक काढली तर दुसरी माजली !' दुसरी माजली नाही. आपणच तिला रिकामे सिंहासन दाखविले.

दुसऱ्या प्रकाराविषयी तर आम्हांस आश्चर्यच वाटते. रवणावर बसलेली देशी कोंबडी हात घालणाऱ्यास चोच मारते, आणि पिल्ले निघाल्यावर घार, कावळा, मांजर, मुंगूस यांपैकी कोणावरही तुटून पडते. हा दुर्गुण नसून हीच तिची किंमत आहे. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारलेल्या जातींची पिल्ले अलीकडे गावोगाव आली आहेत. त्यांस वजन चांगले व अंडी अधिक, हे खरेच. परंतु त्या कोंबड्या क्वचितच रवणावर बसतात. यंत्रावाचून पिल्ले काढावयाची तर ज्या रागीट देशी कोंबडीस आपण बाजार दाखवितो, तिच्याच पोटाखाली दहा-बारा अंडी घालून एकवीस दिवस वाट पाहावी लागते. अशा कोंबडीस आडबाजूस अंधारी जागा, शेजारी दाणापाणी व इतरांपासून आडोसा दिला की भांडण संपते. लहान मुलांस मात्र तिच्याजवळ जाऊ देऊ नये, कारण चोच डोळ्यास लागण्याचे भय असते. पिल्ले काढावयाची नसतील तर तिला खालून वारा खेळेल अशा उंच जाळीच्या किंवा कामट्यांच्या पिंजऱ्यात, दाणापाणी चालू ठेवून, तीन-चार दिवस ठेवावी. बहुधा खुडूकपण उतरते. पाण्यात बुडविणे, नाकात पीस खुपसणे हे प्रकार निर्दय आहेत व त्यांचा उपयोगही नाही.

तिसरा प्रकार मात्र खरोखर घातक होय. पिसे उपटता उपटता कातडी फाटते, रक्त दिसते, आणि रक्त दिसले की सारा कळप त्या एकीवर तुटून पडतो. गुदद्वाराजवळ टोचून आतडी बाहेर काढण्यापर्यंत मजल जाते. ही विकृती उत्पन्न कोठून होते ? दाटी, अपुरा वा एकसुरी आहार, मिठाची उणीव, पिसवा-गोचिडांचा उपद्रव, फार प्रखर उजेड, आणि दिवसभर रिकामपण ही तिची मुख्य कारणे होत. आमच्या भागात पेरणीच्या दिवसांत किंवा कांद्याचे रोप टाकल्यावर, कोंबड्या बी उकरतात म्हणून त्यांस कोंडून ठेवतात. एरवी ज्या दिवसभर उकिरडा उकरून किडे, वाळवी, कोवळा पाला खात असत, त्यांच्यापुढे ओंजळभर मका टाकला की मालकाचे कर्तव्य संपले. आता हिशेब पाहा. अंड्यावरील कोंबडीस खाद्यात सुमारे 16 टक्के प्रथिने लागतात. मक्यात ती 9 टक्क्यांच्या आसपास व बाजरीत 11 टक्क्यांच्या आसपास असतात. तूट कोठून भरून निघावी ? ती शेजारणीच्या पिसांतून भरून काढण्याचा प्रयत्न ती करते, एवढाच तिचा अपराध.

म्हणून कोंबड्या कोंडावयाच्या असतील त्या दिवसांत भरडलेल्या धान्यात शेंगदाण्याची अगर सोयाबीनची पेंड मिसळावी. परंतु बुरशी चढलेली पेंड मुळीच घालू नये, तिच्यातील विषाने यकृत बिघडते. मीठ खाद्याच्या शेकडा अर्ध्या भागाहून अधिक नसावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. पाल्याची जुडी कोंबड्यांच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगावी, म्हणजे चोचीस उद्योग मिळतो. राखमातीची एक खाच असावी, तीत लोळून त्या अंगावरील जीव झाडतात. जागेचेही मोजमाप ठेवावे : पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराड्यात मोठ्या आठ-दहा कोंबड्यांहून अधिक नकोत; भांड्याशी प्रत्येकीस चार इंच कड मिळावी; आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी असावी. दाणा एकाच ठिकाणी न टाकता दोन-तीन ठिकाणी टाकला, तर एक दांडगी कोंबडी सर्वत्र पहारा करू शकत नाही. या उपायास एक पैसाही लागत नाही.

नवी कोंबडी आणताना होणारी चूक याहून मोठी आहे. बाजारातून आणलेली एकुलती एक तलंग भर दिवसा जुन्या कळपात सोडणे म्हणजे परक्या गावच्या सुनेस सासरच्या सगळ्या जावांच्या तोंडी देणे होय. शिवाय येथे केवळ टोचण्याचा प्रश्न नाही. मानमोडीचा रोग अशाच नव्या पक्ष्याबरोबर घरात शिरतो व आठवड्यात खुराडे रिकामे करतो. कोंडाईबारीच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या नवापूर येथे फेब्रुवारी 2006 मध्ये बर्ड फ्लूने जो हाहाकार उडाला व लाखो पक्षी मारावे लागले, त्याची आठवण या तालुक्यास असलीच पाहिजे. 2021 मध्येही तो रोग तेथे पुन्हा आला होता. यास्तव नवी कोंबडी दोन-तीन आठवडे अगदी अलग ठेवावी. नंतर आठवडाभर जाळीच्या आडून एकमेकींस पाहू द्यावे, आणि मग दोन-तीन नव्या एकदम, रात्रीच्या वेळी, दांडीवर नेऊन बसवाव्या. सकाळी थोडी चकमक होईल, ती होऊ द्यावी. रक्त निघाले तरच मध्ये पडावे.

एवढे करूनही एखादी कोंबडी ऐकत नसेल तर ? बहुतेक घरी मार खाणारीस बाहेर काढतात. ती परत आली की तिची पायरी आणखी खाली गेलेली असते. उलट, मारणारीस चार-पाच दिवस डालग्याखाली वेगळी ठेवावी. तेवढ्यात बाकीच्यांची घडी नव्याने बसते, व ती परतली की तिलाच नवखेपण येते. जखमी कोंबडी मात्र तत्काळ अलग करून, जखम धुऊन, हळद लावून, पूर्ण भरेपर्यंत कळपापासून दूर ठेवलीच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, स्वभाव रक्तात असतो, त्यास जाळी व पेंड काय करणार ? हा आक्षेप निराधार नाही. असील जातीची झुंजार वृत्ती सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकेत विल्यम म्यूर या शास्त्रज्ञाने एकेकटी कोंबडी न निवडता एकत्र राहणारा सबंध गटच्या गट अंड्यांवरून निवडला, तेव्हा टोचाटोचीने होणारे मृत्यू थोड्याच पिढ्यांत फार खाली आले. यातून धडा असा की, सर्व उपाय करूनही जी रक्त काढीत राहते तिची अंडी रवणाला घालू नयेत, व मग ती विकली तरी आमची तक्रार नाही. परंतु दुसरा धडाही विसरू नये : एका कोंबडीची अंडी मोजून भागत नाही, सबंध खुराड्याची मोजली पाहिजेत, कारण एकीची भरभराट कधी कधी चौघींच्या उपासावर झालेली असते.

मोठ्या कारखानदारी कुक्कुटशाळांचे पाहून आपल्याकडेही चोच छाटण्याची टूम निघू पाहत आहे. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. चोचीच्या टोकास संवेदना असते, ते नखासारखे निर्जीव नव्हे. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांत तर चोच छाटण्यास कायद्याने बंदी आहे. आणि परसातील कोंबडीचे पोट चोचीवरच चालते. किडा टिपावयाचा, दाणा निवडावयाचा, तो तिने कशाने ? पिंजऱ्यातील कोंबडीस दळलेले खाद्य तोंडाशी येते; आपल्या कोंबडीस ते स्वतः शोधावे लागते.

शेवटी एक गोष्ट घरधन्यांच्या कानावर घालणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शेताचा पैसा सोसायटी, दुकानदार व कर्ज यांत जातो. अंड्यांचे व पिल्लांचे चार रुपये मात्र बहुधा घरच्या बाईच्या गाठीस राहतात, आणि मुलांच्या वह्या, औषधपाणी, पाहुण्यांचा चहा त्यांतूनच निभावतो. तिच्या कळपातील कोणती कोंबडी ठेवावी व कोणती काढावी हे ज्याने कधी खुराडे झाडले नाही त्याने ओट्यावर बसून ठरवू नये. आधी तिला विचारावे. कोण कोणास मारते, केव्हापासून, व दाणा किती पडतो, हे तिला ठाऊक असते. तिने मागितलेली दोन हात जाळी व पायलीभर पेंड आणून द्यावी, आणि महिनाभर वाट पाहावी. त्यानंतरही कोंबडी दोषी ठरली, तर बाजार काही पळून जात नाही.