श्रीपेरुंबुदूरच्या मुलांना श्रीपेरुंबुदूर कोण शिकवणार?

चेन्नईहून बंगळूरच्या महामार्गाने निघाले की चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. कामानिमित्त मला तेथे वरचेवर जावे लागते. परिसरातील कारखान्यांमुळे पुण्या-नाशिककडील काही मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली आहेत. अशाच एका घरी मागच्या दिवाळीत जेवणाचे बोलावणे होते. घरातील मुलगी सातवीत. जेवणे आटोपल्यावर तिने प्रतापगडाचा प्रसंग हावभावांसह सांगितला, हडप्पाची नगररचनाही घडाघडा सांगितली. मी विचारले, "आणि तू राहतेस त्या गावाचा इतिहास?"

ती क्षणभर थांबली. "काका, इथे राजीव गांधींना मारलं."

"त्याच्या आधी?"

"आधी इथे काही नव्हतं. मग कंपन्या आल्या."

शेजारचा तमिळ मुलगा तिच्याच वर्गातला. त्याला रामानुजाचार्य ठाऊक होते, पण आजीकडून. "ते देवळातलं आहे, हिस्टरीतलं नाही," असे त्याने मला समजावले. त्या मुलांचा यात काडीचाही दोष नाही. दोष त्यांना शिकवणाऱ्या व्यवस्थेचा आहे, आणि गेली तीस वर्षे त्या व्यवस्थेचे वेतन घेणारा मीही त्यात आलोच.

'आधी इथे काही नव्हते' हे ज्या गावाविषयी म्हटले गेले त्याचा लेखाजोखा पाहा. ३० मे १८६३ रोजी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या रॉबर्ट ब्रूस फूट यांना पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार सापडले आणि भारतातील प्रागैतिहासिक संशोधनाला खरी सुरुवात झाली. आज पल्लावरमवरून विमाने उतरतात. शेजारच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील अत्तिरंपाक्कमची हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पस्तीसेक किलोमीटरवर पल्लवांची राजधानी कांची आहे. गावातल्या देवळात रामानुजाचार्यांची जी मूर्ती आहे ती त्यांच्या हयातीतच घडवली गेली असे परंपरा मानते. त्यांचा जन्म परंपरेने १०१७ मधला, म्हणजे २०१७ साली त्याला हजार वर्षे झाली.

मराठी वाचकांना जवळचा भाग वेगळाच. १६७७ मध्ये शिवाजी महाराज मद्रासच्या आसपासचा हाच प्रदेश ओलांडून जिंजीकडे गेले. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजांनी अर्काटचा नवाब दोस्त अली याला लढाईत ठार केले आणि कर्नाटकाच्या राजकारणाची घडी विस्कटली. १७६३ मध्ये अर्काटच्या नवाबाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला जहागीर म्हणून दिला. १७८० मध्ये हैदर आणि टिपू यांनी कांचीपुरमजवळ पोळ्ळिलूर येथे कर्नल बेलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. प्रतापगड पाठ असणाऱ्या आमच्या मुलीला हे कोणी सांगितले नव्हते की महाराजांची फौज तिच्या घरापासून फार लांबून गेली नव्हती.

याच कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर आहे. चोळराजा पहिला परांतक याच्या काळातील, इ. स. ९२० च्या सुमाराचा तेथील शिलालेख ग्रामसभेच्या निवडणुकीचे नियम सांगतो. उमेदवाराचे वय पस्तीस ते सत्तर. स्वतःची जमीन आणि स्वतःच्या जागेवर घर हवे. पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, त्याचे नातेवाईकही अपात्र. (लेखापरीक्षणाचे आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित ठेवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी हे कलम चौकटीत लावून ठेवावे.) नावांच्या ताडपत्री चिठ्ठ्या मडक्यात घालून लहान मुलाच्या हातून काढवत. निवडल्या जाणाऱ्या समित्यांत एक 'एरी वारियम' होती, म्हणजे तलाव समिती. हा शिलालेख राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे एका चौकटीत छापलेला होता. दिल्लीच्या आणि श्रीपेरुंबुदूरच्या मुलाने ती चौकट सारखीच पाठ केली. श्रीपेरुंबुदूरच्या मुलाला मात्र 'हे तुझ्याच जिल्ह्यात आहे, शनिवारी जाऊन पाहून ये' असे सांगण्याची सोय अभ्यासक्रमात नव्हती.

तलावाचा विषय निघालाच आहे तर माझी स्वतःची कथा सांगतो. साधारण २००९ मध्ये चेन्नईच्या पश्चिमेकडील एका उपनगरात आमच्या एका कार्यालयासाठी जागा घ्यायची होती. प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. भाडे वाजवी, रस्ता रुंद. सोबत जोडलेल्या जुन्या भूमापन उताऱ्यात शेजारच्या तुकड्यापुढे 'एरी पोरंबोक्कु' असे लिहिले होते. मी त्याचा अर्थ विचारला नाही. तमिळ सहकाऱ्यानेही विचारला नाही, कारण आज बोलीत 'पोरंबोक्कु' ही शिवी आहे, कवडीमोलाचा माणूस. मूळ अर्थ सारा न आकारलेली सामाईक जमीन, आपल्या गायरानासारखी. 'एरी पोरंबोक्कु' म्हणजे तलावाची जागा. मी सही केली. डिसेंबर २०१५ मध्ये तलावाने आपली जागा परत मागितली. तळमजल्यावर आस्थापना शाखेची कपाटे होती. शेकडो कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके चिखलात गेली. त्यानंतर दोन वर्षे निवृत्त होणारा प्रत्येक शिपाई आणि कारकून आपल्या नोकरीचा पुरावा गोळा करीत फिरत होता. एका शब्दाचा इतिहास मला ठाऊक नसल्याची ही किंमत होती, आणि ती मी मोजली नाही, त्यांनी मोजली.

म्हणून स्थानिक इतिहास हा हौशी लोकांचा रविवारचा उद्योग आहे, हे मत मला मान्य नाही. या भागातील तलाव एकातून दुसऱ्यात ओतणाऱ्या साखळीत बांधलेले आहेत. त्या साखळीचे ज्ञान पूर्वी गावाच्या हिशेबातच होते. १७६७ ते १७७४ या काळात थॉमस बर्नार्ड याने कंपनीच्या जहागिरीतील सुमारे दोन हजार गावांची पाहणी केली. गावाच्या कणकणाचा हिशेब मूळ ताडपत्रांवर होता. किती घरे, कोणाची, किती जमीन, खळ्यावरच्या धान्यातून कोणाला किती वाटा. तो वाटा म्हणजे 'मेरै' आणि करमाफ जमीन म्हणजे 'मान्यम्'. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही, आपली बलुती आणि इनामेच ती. लोहार, सुतार, देऊळ यांच्याबरोबर तलावाच्या दुरुस्तीचाही त्यात वाटा होता. या नोंदींकडे आपले लक्ष वेधणारे धर्मपाल यांचे अखेरचे दिवस वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेले. एम. ए.ला मी सार्वजनिक वित्त शिकलो तेव्हा इंग्लंडच्या दारिद्र्य कायद्यावर दोन प्रश्न हमखास येत. चेंगलपट्टूच्या ताडपत्रांचे नावही कोणी काढले नाही.

तेव्हा साधने नाहीत ही सबब चालणार नाही. बर्नार्डच्या नोंदी आहेत. क्रोल या अधिकाऱ्याने १८७९ मध्ये लिहिलेला चेंगलपट्टू जिल्ह्याचा ग्रंथ आहे. भूमापनाचे उतारे, शिलालेखांचे खंड, जनगणनेची जिल्हा पुस्तके आहेत. हे सर्व सरकारच्याच ताब्यात आहे, सरकारच्याच पैशाने जपले जाते आणि सरकारच्याच शाळांपर्यंत पोचत नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले. तेव्हापासून केंद्र आणि राज्य दोघेही अभ्यासक्रमावर हक्क सांगतात, मात्र तालुक्याची बाजू मांडायला कोणी नसते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा असे बजावले, २०२० च्या धोरणानेही तेच म्हटले. परिपत्रके निघाली. पण जिल्हाधिकारी आपल्या अभिलेखागारातील दहा कागदांच्या प्रती काढून तालुक्यातील शाळांना देईल, असा साधा आदेश मी माझ्या सेवेत पाहिलेला नाही. त्याला कायदा बदलावा लागत नाही आणि खर्चही नगण्य आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, याने संकुचित अस्मिता बळावेल. मला उलट दिसते. गावाचा इतिहास खोलात शिकवला की त्यात परके कोण हेच ठरवता येत नाही. श्रीपेरुंबुदूरचा रामानुज कर्नाटकात मेलकोट्याला राहिला. मराठे आले, नवाब आले, कंपनी आली, १९९० च्या दशकात इरुंगाट्टुकोट्टैला कोरियन मोटार कारखाना आला आणि आज तेथे दुकानांच्या पाट्या कोरियन लिपीतही दिसतात. २००६ मध्ये सुरू झालेला फोनचा मोठा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, हजारो तरुण मुलींच्या नोकऱ्या गेल्या. हाही इतिहासच आहे, आणि तो सांगणाऱ्या साक्षीदार अजून त्याच बसथांब्यावर भेटतात. संकुचितपणा वाढतो तो एकच नायक, एकच शतक आणि एकच शत्रू शिकवल्याने.

दुसरा आक्षेप आमच्यासारख्यांचा. बदलीची नोकरी, दर तीन वर्षांनी नवे गाव, मुलांनी कुठले कुठले शिकायचे? माझ्या मुलाने चार शहरांत शाळा केली आणि चारही शहरांविषयी तो कोराच राहिला, या सबबीवर. पण बदलीच्या मुलालाच याची गरज अधिक. एका गावात उतारा वाचायला, देवळातला दगड बघायला, म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायला शिकलेले मूल दुसऱ्या गावी तेच करते.

आणि घराबाहेर राहणाऱ्या मराठी पालकांना थोडे कडू सांगतो. मंडळात शिवजयंती आणि गणेशोत्सव अवश्य करा. तथापि महाराष्ट्र हीच खरी भूमी आणि आपण राहतो ती नुसती नोकरीची जागा, हा धडा मुले त्यातून आपसूक घेतात. सातारा जिल्ह्यात वाढताना आम्ही तरी काय केले? तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हा होता, चौथीत महाराजांचा इतिहास. शाळेच्या वाटेवरच्या वीरगळावर मात्र आम्ही पाटीवरची पेन्सिल घासून टोक काढायचो. तो कोणासाठी उभारला, हे गुरुजींनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. तसे दगड तमिळनाडूतही आहेत, त्यांना 'नडुकल' म्हणतात. इकडे येऊन ते पाहिल्यावर मला माझ्या गावचा दगड कळला.

त्या मुलीच्या शाळेला मी तलावाच्या सहलीविषयी पत्र लिहिले. परीक्षेच्या अभ्यासक्रमात हा विषय येत नसल्याने परवानगी देता येत नाही, असे नम्र उत्तर आले. मग एका रविवारी आम्हीच गेलो. ती, शेजारचा मुलगा, त्याची आजी आणि मी. आजीने बांधावरून तूम दाखवला, तमिळमध्ये 'मडै', आणि जादा पाणी वाहून जाते तो 'कलंगल'. आजी तमिळमध्ये सांगत होती, मुलगा मोडक्या हिंदीत, आणि मुलगी वहीत मराठीत लिहून घेत होती. कलंगलवर उभी राहून तिने विचारले की इथून निघालेले पाणी पुढे कोणाच्या घरी जाते. आजीने तीन गावांची नावे सांगितली. तिसऱ्या गावात आता तिच्या बाबांच्या कंपनीचे गोदाम आहे.