आखलेले गाव, वसलेले गाव

मराठीत गावासंबंधी दोन क्रियापदे आहेत. गाव ‘वसते’ आणि गाव ‘वसवतात’. पहिल्यात कर्ता दिसत नाही. पाणी दिसले, कुणी चूल मांडली, शेजारी दुसरी चूल पेटली आणि गाव झाले. दुसऱ्यात कर्ता असतो आणि त्याच्या हातात हुकूमही असतो. अलीकडे या दोहोंत तिसऱ्याची भर पडली आहे : गाव ‘आखतात’. नगररचना हे आता विद्यापीठातले शास्त्र आहे. नव्या शहरांवर प्रबंध लिहिले जातात, परिषदा भरतात, नकाशांवर हिरवे-पिवळे रंग चढतात. व्याकरण शिकवणाऱ्या मास्तराने त्यात लुडबूड करू नये, हे खरे. पण ज्या शास्त्राच्या प्रयोगशाळेत आपण बिऱ्हाड थाटले आहे, त्याविषयी चार शब्द बोलण्याचा हक्क वाचक आम्हांला देतील, अशी आशा आहे.

तसे पाहिले तर वसवण्याची कला आपल्याला नवी नाही. पुण्यातल्या पेठा वसवताना सरकारातून कौल दिला जाई. नव्याने येणाऱ्या उदम्याला काही वर्षे करात सूट मिळे, पेठेची व्यवस्था पाहायला शेटे-महाजन नेमले जात. म्हणजे आधी माणसाची सोय, मग बाकीचे. विलायतेत एबेनेझर हॉवर्ड या गृहस्थाने १८९८ साली उद्याननगरीची कल्पना मांडली. सुमारे बत्तीस हजार वस्ती, मध्ये बाग, कडेला कारखाने आणि भोवती शेते. तिच्यावरून १९०३ पासून लेचवर्थ उभे राहू लागले. आज जगभर जी ‘नवी नगरे’ दिसतात, त्यांपैकी बहुतेकांची कुळकथा या गृहस्थापर्यंत जाऊन पोहोचते.

या शास्त्राचा एक मोठा आचार्य मुंबईतच अध्यापक होता, ही गोष्ट मात्र आपण विसरून गेलो आहो. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपले गो. स. घुर्ये हे त्यांच्याच हाताखालचे. गेडिस यांचे सांगणे साधे होते. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे आधी गाव पायी हिंडून पाहा, मगच नकाशाला हात लावा. जुनी आळी सरसकट पाडून रुंद रस्ता काढणे त्यांना मंजूर नव्हते. दोन-चार पडकी घरे हलवून हवा-उजेड आत येत असेल, तर तेवढेच करावे आणि झाड व विहीर राखावी, असा त्यांचा आग्रह असे.

ही नाडीपरीक्षा करायची असेल तर कल्याणच्या पुढची तीन गावे घ्यावी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात नगररचनेचे तीन निरनिराळे धडे इथे मांडून ठेवले आहेत.

उल्हासनगर कुणी गाव म्हणून आखले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात तिथे फौजेची छावणी होती. दोन हजारांवर बराकी, मध्ये एक लांबरुंद दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली. आणि १९४७ नंतर सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसे तिथे आणून ठेवण्यात आली. सैनिकांच्या त्या दालनांत गोणपाटाचे पडदे टांगून संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून नाव पडले ‘उल्हासनगर’. सर्वस्व गमावून आलेल्यांच्या वस्तीला उल्हासाचे नाव! पण त्या माणसांनी ते नाव खरे करून दाखवले, हेही सांगितले पाहिजे. पापड, मिठाई, लाकडी सामान, कापड. बराकीच्या पुढच्या दाराशी दुकान आणि मागे चूल. ‘कॅम्प नंबर अमुक, बराक नंबर तमुक’ असा पत्ता तिथे अजूनही चालतो.

याच काळात सिंधी निर्वासितांसाठीच कच्छमध्ये गांधीधाम हे शहर मुद्दाम आखून वसवण्यात आले. भाई प्रताप यांनी पुढाकार घेतला, कच्छच्या महारावांनी जमीन दिली. भारत सरकारचे गृहनिर्माण संचालक ओटो कोनिग्सबर्गर या जर्मन वास्तुशास्त्रज्ञाचाही त्या रचनेला हात लागला. तेच लोक, तेच दुःख. एकीकडे कोरा कागद, दुसरीकडे कोऱ्या बराकी. गांधीधामला जागा भरपूर होती, बंदर जवळ होते. उल्हासनगरला होती मुंबईची गाडी. आणि माणूस नकाशाकडे जात नाही, रोजगाराकडे जातो! २०११ च्या जनगणनेत गांधीधामची वस्ती अडीच लाखांच्या आसपास भरली. उल्हासनगरची पाच लाखांवर, आणि तीही अवघ्या तेरा-चौदा चौरस किलोमीटरांत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ‘मग झाले तर! आराखड्याचे नावच कशाला? माणसे आपले पाहून घेतात.’ आम्हीही वर्गात सांगतो, की भाषा आधी आणि व्याकरण मागाहून. पण भाषेत चुकलेल्या विभक्तीने कुणाचा जीव जात नाही. उल्हासनगरात बराकींच्या जागी मजल्यावर मजले चढले, त्यांत परवानगी कितींना आणि सळई-सिमेंट किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पाडावे तर हजारो कुटुंबे रस्त्यावर येणार. म्हणून २००६ साली राज्याने केवळ या एका शहरासाठी ती बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. पण कागद नियमित झाला म्हणून खांब बळकट होत नाही. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत तिथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि घरात बसलेली माणसे दगावली. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या घरात रात्री निजताना छताकडे पाहावे लागणे, याहून मोठे निर्वासितपण कोणते?

अंबरनाथचा धडा वेगळा. तिथले शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातले. गाभारा जमिनीखाली, पायऱ्या उतरून जायचे आणि वर मोकळे आकाश. ज्याने ही जागा निवडली, त्याने वालधुनीचा काठ पाहून निवडली. नऊशे वर्षांनी त्याच गावात विम्कोच्या आगपेट्या, संरक्षण खात्याचे कारखाने आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली. कारखान्यांसाठी भूखंड आखले, रस्ते आखले, नळ आखले. सांडपाणी मात्र नदीने पाहून घ्यावे, असाच जणू समज होता. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत कुणी रसायने ओतली आणि काठच्या उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरून इस्पितळात गेली. नकाशात नदी ही निळी रेघ असते. तिला वास नसतो.

आणि बदलापूर! मुंबईपासून अडुसष्ट किलोमीटर. गिरगाव-परळच्या खोलीत न मावलेल्या मराठी कुटुंबांना परवडेल असे हे गाव. २००१ साली वस्ती लाखाच्या आत होती, दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेली. घरे आली, पण नोकऱ्या मागेच राहिल्या. हॉवर्डच्या नगरीत घर आणि काम एकमेकांशेजारी होते. इथे दोहोंमध्ये लोकलचा डबा आहे. पहाटेच्या अंधारात निघालेला बाप रात्री परततो तेव्हा मूल झोपलेले असते, ही गोष्ट कुठल्याही आराखड्याच्या तक्त्यात येत नाही. आमच्याकडे ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला, की बदलापुरात जन्मलेली मुलेसुद्धा आजोबांच्या कोकणातल्या गावाविषयी लिहितात. ज्या गावात आपण वाढलो ते आपले वाटू नये, याला मुलांचा दोष म्हणावा काय?

उल्हास नदीचाही स्वतःचा एक आराखडा आहे. २६ जुलै २००५ रोजी तिने तो दाखवला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली आणि हजारावर उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले, तेव्हा पुन्हा दाखवला. पूररेषा ही नदीची सही आहे. तिच्यावर भराव टाकून आपली सही करता येत नाही.

तरीही या गावाला जीव धरतो आहे. श्याम जोशी यांनी बदलापुरात ‘ग्रंथसखा’ नावाचे वाचनालय उभे केले आणि दुर्मीळ मराठी ग्रंथ गोळा केले. असे वाचनालय नकाशावर खूण करून उगवत नाही. त्याला झपाटलेला माणूस लागतो. पण त्या माणसाला जागा लागते, आणि जागा राखणे हे मात्र आराखड्याचेच काम आहे. सारे आखता येत नाही, म्हणून काहीच आखू नये असे नव्हे. बळकट छत, नदीचा काठ, शाळेचे मैदान आणि चालायची वाट एवढे आखावे. बाकी गाव आपले आपण वसते.

यात आपला वाटा केवढा, असे विचाराल तर तो लहान असला तरी आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा प्रसिद्ध झाला, की हरकती आणि सूचना द्यायला मुदत असते. ती मुदत बहुधा आपल्या नकळत उलटते. हरकती देतात ते ज्यांचा भूखंड अडकलेला असतो ते. मैदानासाठी हरकत घेणारा एखादा पालक निघाला, तर कचेरीतल्या कारकुनालाही नवल वाटेल!

दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात. ती आधी विटा रचतात आणि माती थापतात. पण पायथ्याशी विहीर, वाट आणि बाजार यांना न विसरता जागा ठेवतात. अळीव पेरून शेतसुद्धा करतात. प्रश्न एवढाच आहे, की मोटारी उभ्या करून झाल्यावर आपल्या इमारतीच्या आवारात त्या किल्ल्यापुरती जागा उरली आहे काय? यंदा खाली उतरून ती तेवढी मोजून पाहावी.