थंड चाकाची हवा

सुटीत उदगीरहून हैदराबादेस आप्तांकडे निघालेल्या एका कुटुंबाची कल्पना करा. बिदर मागे पडते, जहिराबादेस सोलापूर-हैदराबाद हमरस्ता लागतो आणि संगारेड्डी ओलांडून गाडी शहराभोवतीच्या १५८ किलोमीटरच्या बाह्यवळण मार्गावर येते. तेथे वाहने भरधाव जातात. हवा भरणारा मात्र हाकेच्या अंतरावर नसतो. गाडीत आजी आहे, तान्हे मूल आहे, आणि एक चाक बसत चालले आहे. अशा वेळी बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा हवेचा पंप जवळ असला तर केवढा आधार वाटेल!

त्याची रचना साधी आहे. बॅटरीने छोटी मोटर फिरते, मोटरीने दट्ट्या हलतो आणि दाबलेली हवा नळीवाटे चाकात शिरते. हवा किती हवी तो आकडा आधी लावला, की तेवढा दाब होताच यंत्र आपोआप थांबते. तार जोडणे नको, पायाने दाबणे नको. म्हणून वृद्धांसही ते सहज वापरता येते.

तथापि त्याचा खरा उपयोग रस्त्यावर नसून आपल्या अंगणात आहे. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो थंड चाकासाठी असतो. पेट्रोल पंपापर्यंत गाडी नेली की चाक तापते व आतील दाब वाढतो. तपमान सुमारे ६ अंशांनी वाढले की दाब १ पौंडाने चढतो. त्यामुळे कमी असलेली हवाही पुरेशी भासते. कित्येक जण तर दुपारी आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडून देतात! कमी हवेचे चाक चालताना अधिक दबते, दबल्याने अधिक तापते आणि वैशाखातल्या तापल्या सडकेवर वेगात फुटू शकते. म्हणून निघण्याच्या दिवशी पहाटे, गाडी हलविण्यापूर्वीच, चारही चाके व स्टेपनी तपासावी.

या पंपाच्या मर्यादाही ओळखाव्यात. तो हवा भरतो, भोक बुजवीत नाही. खिळा रुतला असेल व हवा सावकाश जात असेल, तर खिळा न उपटता हवा भरून हळूहळू दुकान गाठावे. चाकाची बाजू फाटली असेल, तर स्टेपनीच लावावी. यंत्र फार वेळ सलग चालवू नये. नळीचे टोक तापते, तेथे मुलांचा हात जाऊ देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते विसरू नये, कारण अति उष्णतेने बॅटरी बिघडते. आणि प्रवासाच्या आदल्या रात्री बॅटरी भारित केली आहे ना, हे अवश्य पाहावे.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. पहाटेची पाच मिनिटे चाकांना दिली, तर आजी आणि तान्हे मूल दोघेही सुखरूप घरी पोचतील.