वजनाचा बाजार आणि जाहिरातीची कसोटी

‘व्यायाम नको, पथ्य नको, महिन्यात दहा किलो कमी!’ अशा जाहिराती आज मोबाइलच्या पडद्यावर अहोरात्र झळकत आहेत. त्यांचा खरेखोटेपणा ग्राहकाने पारखावा, असे विक्रेते साळसूदपणे सांगतात. फसवणाऱ्याला मोकळे सोडून फसणाऱ्याला शहाणपण शिकवण्याचा हा प्रकार आहे.

वास्तविक कसोटी अवघड नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ साली उघड खोट्या ठरणाऱ्या सात दाव्यांची यादी प्रसृत केली. वाटेल तितके खाऊनही वजन घटेल, उपचार थांबवल्यावरही ते कायम घटलेले राहील, अंगाला चोळल्याने वा बांधल्याने चरबी जाईल, हे त्यांतील काही दावे. विशेष हे की, ही यादी ग्राहकांसाठी नव्हे, तर जाहिराती स्वीकारणाऱ्या माध्यमांसाठी होती.

भारतीय कायदा तर याहून कडक आहे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे; त्यावरील औषधाची लोकांपुढे जाहिरात करण्यासच मनाई आहे. प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्याद्वारे केलेली घोषणाही तेथे जाहिरातच ठरते. मोबाइलचा पडदा प्रकाशाखेरीज दुसरे काय आहे? मात्र हा कायदा मुख्यतः औषधांच्या जाहिरातींसाठी आहे. म्हणूनच विक्रेते आपल्या भुकटीला ‘आहारपूरक’ म्हणवतात. तरीही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्या नटनट्यांनाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. हृदयाला धोका असल्याने २०१० साली युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलेले सिब्युट्रामिन पुढेही ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलांत छुपेपणाने मिसळलेले वारंवार आढळले आहे. बारा तास खुर्चीला खिळलेल्या आणि सकस अन्न न परवडणाऱ्या माणसाच्या शरीराची लाज त्यालाच विकायची, आणि वर त्याच्या जिवाशी खेळायचे, हा नफेखोरीचा कळस होय.

तेव्हा जाहिरातीचे पैसे घेणाऱ्या कंपन्यांनी ती आधी तपासावी आणि न तपासल्यास त्यांनाही जबाबदार धरावे, ही मागणी लावून धरली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत अशा जाहिरातींची चित्रे तारखेसह जपून ठेवावीत आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रारी नोंदवाव्यात. एकट्याची तक्रार दुर्लक्षिली जाते. शंभरांची दडपता येत नाही.