शर्यतीचा पास आणि आपली सोवळी नजर

घोड्यांच्या शर्यतीचे जुने प्रवेशपास जमविणे म्हणजे जुगारास प्रतिष्ठा देणे होय, असे मत आमच्या परिचयातील पुष्कळ सुशिक्षित मंडळी मोठ्या निश्चयाने मांडतात. हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. पैजेची पावती निराळी आणि मैदानात प्रवेश देणारा पास निराळा. माणसाने किती रक्कम लावली हे पावती सांगते. समाजाने त्यास कोठे बसू दिले हे पास सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकास ही दुसरी माहिती अधिक मोलाची वाटावी.

इंग्लंडातील यॉर्क येथे १७५४ च्या सुमारास जॉन कार या वास्तुविशारदाच्या आराखड्याने ग्रँड स्टँड उभारण्याचे ठरले. त्यासाठी २५० जणांनी प्रत्येकी पाच गिनी वर्गणी दिली आणि प्रवेशाची खूण म्हणून त्यांना पितळी बिल्ले मिळाले. त्या बिल्ल्यांत एका शहराचा प्रतिष्ठित वर्ग मोजून ठेवला आहे. पुढे कोटाच्या काजास दोऱ्याने अडकविण्याचे पुठ्ठ्याचे पास आले. ॲस्कॉटच्या रॉयल एन्क्लोजरमध्ये १९५५ पर्यंत घटस्फोटितांस मज्जाव होता. तेथील पास हा त्या काळच्या नीतिकल्पनांचाही दाखला ठरतो. यास जुगाराची चिठ्ठी कसे म्हणावे?

आमच्या बडोद्याचेच पाहावे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी २८,००० गिनींस घेतलेल्या 'सयाजीराव' नावाच्या घोड्याने १९४७ साली डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकली. १९४८ साली त्यांच्याच 'माय बाबू'ने न्यूमार्केट येथे टू थाउजंड गिनीज मारली. या गोष्टी आम्ही मंडळी दिवाणखान्यात अभिमानाने सांगतो आणि त्याच घरातील शर्यतीचे कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालतो! अभिमान हवा, पुरावा नको, असा हा व्यवहार आहे.

दोष केवळ सोवळ्यांचा नाही; हौशी संग्राहकांचाही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचा एक जुना वाडा विकला गेला. माळ्यावरील बिस्किटांच्या डब्यात शर्यतीचे पाच-सहा पास आणि त्यांसोबत घरची पत्रे निघाली. घेणाऱ्याने पास उचलले. पत्रे टाकून दिली. ते पास आज कोणाच्या तरी काचेखाली सुरेख दिसत असतील. परंतु ते कोणाच्या कोटावर मिरवले, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. दप्तर सांभाळण्यात आमची नोकरी गेली. संदर्भ तुटलेला कागद मुका होतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

मैदानेही कायम राहत नाहीत. मुंबईच्या महालक्ष्मी येथील २११ एकरांपैकी १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचे २०२४ साली ठरले. जागा बदलते, माणसे जातात. मागे उरतो तो असा पुठ्ठ्याचा तुकडा.

म्हणून आमचे स्पष्ट सांगणे असे, की जुन्या घरांनी आपल्या पेट्या स्वतः उघडाव्यात. पासाचा दोरा तोडू नये, त्यावर शाई लावू नये. तो निराळ्या पाकिटात ठेवून पास कोणाचा, कोठला, कोणत्या साली वापरला, हे पाकिटावर लिहावे. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच हे साधेल. शर्यत आवडो वा न आवडो, आपल्या आजोबांस कोणत्या दारातून आत घेतले जात होते, हे नातवंडांस कळावयास नको काय?